नळीतला क्षार आणि तुझी कंपनी

प्रिय पोरी,

तुझं पत्र सकाळी वाचलं, दुपारी पुन्हा वाचलं. थिसिस द्यायला चार महिने उरलेत, नोकरीची एक ऑफर हातात आहे आणि गाईड म्हणतायत, साखर कारखान्याच्या नळ्यांत क्षार चिकटू न देणाऱ्या तुझ्या या लेपावर कंपनी काढ. कधी काढू, असं तू विचारतेस. एवढ्यात नको, असं माझं उत्तर आहे. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचंही नाही. मधल्या काळात करायचं काम भरपूर आहे आणि त्याबद्दल कुणी फारसं सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फेब्रुवारीत आपण कारखान्यात गेलो होतो तो दिवस आठव. क्लीनिंगचा दिवस होता, गाळप थांबलेलं. इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे उसाचा रस आटवणाऱ्या यंत्राच्या, शेवटच्या बॉडीचं (भांड्याचं) मॅनहोल उघडलेलं होतं आणि आत एक माणूस उकिडवा बसून, लवचिक शाफ्टच्या टोकाला लावलेला कटर एकेका नळीत घालत होता. एक नळी झाली की शेजारची. अशा नळ्या एका बॉडीत हजारांच्या घरात असतात. कॉस्टिक सोड्यात तासन् तास उकळूनही न सुटलेला क्षार खाली पडत होता, करडा आणि दगडासारखा टणक. तू तुझी लेप दिलेली स्टीलची चकती त्याला दाखवलीस. त्यानं ती अंगठ्यानं चोळून पाहिली आणि विचारलं, "ताई, आमच्या कटरखाली हे राहील का?" तू गप्प झालीस. तुझ्या पेपरमध्ये अकरा आलेख आहेत, कटरचा एकही नाही.

परतताना गाडीत तू खट्टू होतीस. मला मात्र बरं वाटत होतं, कारण तो प्रश्न फुकटात मिळाला होता. कंपनी काढून, दोन माणसांचा पगार सुरू करून, पहिली ऑर्डर लावल्यावर तोच प्रश्न आला असता तर केवढ्याला पडला असता!

क्षार सत्तर टक्के कमी चिकटतो, हा तुझा आकडा खरा आहे. पण तो लॅबमध्ये बनवलेल्या रसातला आहे, अठ्ठेचाळीस तासांचा आहे आणि चकतीवरचा आहे. कारखान्याला टक्के नको असतात. दोन क्लीनिंगमधलं अंतर किती दिवसांनी वाढेल, हे त्यांना हवं असतं. गाळप थांबलं की यार्डात ऊस वाळत पडतो, नळ्यांवर थर चढला की त्याच कामाला वाफ जास्त लागते, आणि वाफ जास्त म्हणजे बगॅस, उसाची चिपाडं, जास्त जळणार. हा हिशेब चीफ इंजिनिअरच्या डोक्यात पक्का असतो. तुझे टक्के त्याच्या दिवसांत आणि बगॅसच्या टनांत मांडता आले, तर तो तुला खुर्ची देईल. नाहीतर चहा देईल.

शिवाय तुझा लेप रसाला लागतो आणि रसाची साखर होते. म्हणजे लेपातून काय सुटतं, किती सुटतं, उकळत्या कॉस्टिकनंतर किती सुटतं, हे मोजल्याशिवाय कुठलाही चीफ केमिस्ट तुला दारात उभं करणार नाही, आणि ते बरोबरच आहे. तुझ्या लेपातलं सॉल्व्हंट लॅबच्या फ्यूमहूडमध्ये, वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात, चालतं. बंद बॉडीत उतरून तो लेप लावणाऱ्या माणसानं काय श्वास घ्यायचा? हे सगळं किरकोळ काम आहे, पेपर होण्यासारखं नाही, असं तुझ्या विभागात कुणीतरी म्हणेलच. माझं मत उलटं आहे. चार वर्षांत तू जे केलंस त्याच्या तोडीचं संशोधन हे आहे. त्याच्याकडे हमाली म्हणून पाहू नकोस.

आता वेळेचं गणित. साखर कारखाना साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. लेप लावण्याइतक्या सवडीनं नळ्यांना हात लावायला मिळतो तो पावसाळ्यात, मेंटेनन्सच्या काळात. म्हणजे लेप लावायची संधी वर्षातून एकदा, तो टिकला की नाही हे कळणार तेही वर्षातून एकदा. एक हंगाम हुकला की वर्ष गेलं. सॉफ्टवेअरवाले मित्र तुला सांगतील की लवकर बाजारात जा, चुका, सुधारा. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. तुला मात्र वर्षाला एकच चूक परवडते. आपल्या मुंबईच्या आयआयटीतल्या मुलांची ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज बघ. कंपनी २००७ साली निघाली आणि शेअर बाजारात आली २०२३ मध्ये. सोळा वर्षं! घाबरवायला सांगत नाही, घरच्यांशी बोलताना हा हिशेब खरा सांग, एवढंच.

दुसरी गोष्ट आजच करायची आहे. पेटंटचा अर्ज गेल्याशिवाय लेपाच्या घटकांबद्दल कुठेही बोलू नकोस. परिषदेत नाही, पोस्टरवर नाही, लिंक्डइनवर तर नाहीच. थिसिस शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या वेबसाइटवर, चढला की तो छापल्यासारखाच झाला, आणि ओपन व्हायव्हाला, थिसिसच्या खुल्या तोंडी परीक्षेला, तर कुणीही येऊन बसू शकतं. हे मी अनुभवानं सांगते. माझ्या पहिल्या कामाचा सारांश एका परिषदेच्या पुस्तिकेत छापून आला आणि पेटंटचा अर्ज मी केला त्यानंतर पाच आठवड्यांनी. पुढे एक युरोपियन कंपनी परवाना घ्यायला तयार झाली. त्यांच्या वकिलानं ती पुस्तिका शोधून काढली आणि बोलणी तिथेच संपली. युरोपात अर्जाआधी स्वतःच छापलेलंही चालत नाही. आपल्या कायद्यात विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी बारा महिन्यांची एक बारीक फट आहे, पण तिच्या भरवशावर राहू नकोस.

हळदीची गोष्ट तुला माहीत असेल. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. कशावर? जुने ग्रंथ आणि आपल्याच देशात आधी छापून आलेले लेख, यांवर. तेव्हा आपण सगळे आनंदानं नाचलो होतो. पण त्यातला नियम तुलाही लागू आहे. आधी छापलेला कागद पेटंट मारतो, मग तो कागद तुझ्याच हातचा का असेना.

अर्ज आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, करता येतो, संपूर्ण अर्जासाठी त्यानंतर बारा महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून फीमध्ये ऐंशी टक्के सवलत आहे, त्यामुळे पैसे नाहीत ही सबब कुणी सांगू नये. मात्र प्रोव्हिजनल म्हणजे दोन पानांचा उरकलेला मजकूर नव्हे. त्यात जे लिहिलेलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही. घटकांच्या प्रमाणाची कमाल-किमान मर्यादा, पर्यायी रसायनं, सगळं घाल. दुधाच्या पाश्चरायझरमध्येही असाच थर चढतो, तोही उल्लेख हवा.

अर्ज कुणाच्या नावावर? बहुतेक विद्यापीठाच्या. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्यानं सरकारी पैशातून झालेल्या शोधाची मालकी विद्यापीठांना घेता येते. आपल्याकडे तसं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आलं, कायदा काही झाला नाही. म्हणून प्रत्येक संस्थेचं धोरण वेगळं. तुमच्या आयपीआर (बौद्धिक संपदा) कक्षात जाऊन तो कागद माग आणि स्वतः वाच. शिक्षण मंत्रालयाच्या २०१९ च्या धोरणात संस्थेनं दिलेल्या सोयींच्या बदल्यात २ ते ९.५ टक्के हिस्सा सुचवला आहे. बोलणी करताना तो आकडा माहीत असू दे. परवान्यासाठी संस्था आधीच रोख रक्कम मागू लागली तर नम्रपणे स्टॅनफर्डचं उदाहरण दे. गूगलच्या पेजरँकचं, म्हणजे शोधनिकालांचा क्रम लावायच्या पद्धतीचं, पेटंट स्टॅनफर्डचं होतं. त्यांनी परवान्याच्या बदल्यात शेअर घेतले आणि २००५ पर्यंत ते विकून सुमारे ३३.६ कोटी डॉलर मिळवले. असं रोज होत नाही. पण तुझ्याकडे आज रोख नाही, हिस्सा आहे, आणि तो देणं लाजिरवाणं नाही. सगळ्या उपयोगांचा परवाना मागू नकोस. साखर आणि डेअरी माग, ठराविक मुदतीत काम पुढे नेण्याची अट स्वतःहून मान्य कर. बाकी संस्थेकडे राहू दे.

गाईडांबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण अडचण तिथेच दिसते. सर नोकरी सोडणार नाहीत आणि निम्मा हिस्सा धरून चाललेत, असं ना? सरांनी तुला विषय दिला, उपकरण दिलं, वाईट दिवसांत पाठीशी उभे राहिले. ते विसरायचं नाही. पण पुढची सहा-आठ वर्षं पावसाळ्यात नळ्यांपाशी तू असणार आहेस. हे त्यांच्यासमोर बसून, आत्ता, प्रेमानं बोल आणि कागदावर घे. त्यांना संस्थेची लेखी परवानगी लागेल, ती त्यांनी आधी घ्यावी. तुला ते बोलणं जड जाणार, मला माहीत आहे. मी येऊन बसते हवं तर.

पैशासाठी सध्या निधी-प्रयास ही सरकारी योजना बघ. नमुना तयार करायला दहा लाखांपर्यंत मिळतात आणि अर्ज इनक्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या केंद्रामार्फत, करायचा असतो. पुण्यात पाषाणला एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेच्या आवारातल्या व्हेंचर सेंटरमध्ये एकदा जाऊन ये. २००७ पासून ते तुझ्यासारख्यांसोबत काम करतायत. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्येही जा. रसातला क्षार कारखान्यागणिक कसा बदलतो, हे तिथल्या लोकांइतकं कुणाला कळत नाही.

नोकरीचं म्हणशील तर रुजू व्हायची तारीख पुढे ढकलता येते का विचार. तोवर तीन गोष्टींचे आकडे हवेत: कटरखाली लेप किती वेळा टिकतो, कॉस्टिकमध्ये काय सुटतं, आणि लॅबच्या शुद्ध रसायनाऐवजी बाजारातलं कमी शुद्ध टेक्निकल ग्रेड वापरलं तर तोच लेप होतो का. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात धाकधुकीचा वाटतो. पाच ग्रॅमच्या बीकरमधला गुण दोनशे लिटरच्या ड्रममध्ये उतरेलच असं नाही.

चीफ इंजिनिअर साहेबांकडून मी एक जुनी नळी मागून आणली आहे. दोन फुटांचा तुकडा आहे, आतला थर तसाच आहे, कटरही त्यांनी एक दिला आहे. रविवारी ये आणि घेऊन जा. येताना चकत्या आण, माझ्या गॅरेजमध्ये पहिल्या पाच तरी खरवडून बघू.

सस्नेह,
तुझी मॅडम