रात्रभर काही खाल्लं नाही, तरी सकाळी रक्तातली साखर तेवढीच कशी?

तुम्ही विचारलंय की रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा तास पोटात काही जात नाही, तरी निरोगी माणसाची सकाळची साखर ९० च्या आसपास राहते, मग ती येते कुठून?

आधी हिशोब करा, म्हणजे गंमत कळेल. डेसिलिटरला ९० मिलिग्रॅम आणि अंगात साधारण ५ लिटर रक्त. एकूण ग्लुकोज भरलं जेमतेम साडेचार ग्रॅम, चहाच्या चमच्याएवढं! एकटा मेंदू दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज जाळतो, झोपेतही. म्हणजे तासाभरातच सगळं संपायला हवं. ते संपत नाही, कारण जेवढं जातं तेवढं यकृत मागून ओतत असतं. शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मला सगळ्यात जास्त झगडावं लागतं ते इथेच. समस्थिती, म्हणजे शरीरातली स्थिती एकसारखी राखणं, म्हटलं की मुलांना वाटतं, काही हलतच नाही. प्रत्यक्षात आत अखंड ये-जा चालू असते, आकडा तेवढा जागच्या जागी दिसतो.

यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन असतं, म्हणजे ग्लुकोजचे रेणू साखळीत गुंफून ठेवलेले; लागेल तसे ते सुटे करून यकृत रक्तात ओततं. सुटे ठेवले असते तर त्यांच्यामागे पाणी आत शिरून पेशी फुगून गेल्या असत्या. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने काढलेलं यकृत पाण्याने धुऊन धुऊन साखरमुक्त केलं आणि तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा साखर! पुढे १८५७ मध्ये त्याने ग्लायकोजेन वेगळंही काढलं.

स्नायूंत याच्या तिप्पट-चौपट ग्लायकोजेन असतं, पण ते रक्ताच्या कामाचं नाही. ग्लुकोजला चिकटलेला फॉस्फेट सोडवणारं विकर (एन्झाइम) स्नायूंकडे नसतं, आणि फॉस्फेटसकट ग्लुकोज पेशीबाहेर पडत नाही. कंजूष भाऊच म्हणा.

पहाटेपर्यंत यकृत दुसराही धंदा जोरात चालवतं: प्रथिनांतली अमिनो आम्लं, लॅक्टेट आणि मेदातलं ग्लिसरॉल वापरून नवं ग्लुकोज बनवणं. मेदाम्लं मात्र यासाठी जवळजवळ निरुपयोगी. ती जाळून यकृत या कामाची ऊर्जा मिळवतं, एवढंच.

हे सगळं कमी-जास्त कोण करतं? स्वादुपिंड. साखर जरा उतरली की त्याचं ग्लुकॅगॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं, जे यकृताला साखर ओतायला सांगतं, आणि इन्सुलिन कमी होतं; जेवलात की उलट. इन्सुलिन फक्त पेशींची दारं उघडतं असा समज आहे, पण यकृताला ‘आता पुरे’ सांगणं हे त्याचं तितकंच मोठं काम. मधुमेहात हा निरोप नीट पोचत नाही, आणि रक्तात साखर भरपूर असताना यकृत रात्रभर आणखी ओतत राहतं. म्हणून रात्री अगदी कमी जेवूनही काही जणांचा सकाळचा आकडा चढलेला असतो.