नववीतला मुलगा म्हणतो, शाळा सोडून क्रिकेटच खेळणार

ताई, आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो. मुलगा नववीत आहे, येत्या ऑक्टोबरात १५ पूर्ण होतील. वेगवान गोलंदाजी टाकतो, तालुक्यात नाव आहे. आता म्हणतो, शाळा सोडतो, मला पुण्याच्या निवासी अकादमीत घाला. वर्षाची फी अडीच लाख. हे म्हणाले, "पुन्हा क्रिकेटचं नाव काढलंस तर किट जाळून टाकीन." तेव्हापासून तो वडिलांशी बोलत नाही आणि क्लासला जातो सांगून मैदानावर जातो. माझी एक एफडी आहे. मोडू का?
– एक आई

ताई, एफडी मोडू नका आणि किटही जाळू देऊ नका. तो क्रिकेटपटू होईल की नाही, यावर तुमच्या घरात भांडण चाललंय, आणि ते आज कुणीच सांगू शकत नाही. पुढची पायरी कोणती, हे मात्र नक्की सांगता येतं.

सांगली महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतं. मुंबई आणि विदर्भाच्या संघटना वेगळ्या. त्यामुळे पहिली पायरी तुमच्या जिल्हा संघटनेची निवड चाचणी. तारीख काय, कागदपत्रं कोणती, हे तिथे जाऊन विचारायचं, आणि हे काम मुलाच्या वडिलांनी करावं, मुलाला सोबत घेऊन. अबोला त्या एका फेरीत जितका सैल होईल तितका महिनाभराच्या समजावण्याने होणार नाही. १६ वर्षांखालच्या गटात वय १ सप्टेंबरला मोजतात, म्हणून ऑक्टोबरच्या जन्मामुळे त्याला यंदाचा आणि पुढचा असे दोन हंगाम मिळतात. या गटात मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वयही तपासतात. दाखल्यावर वय कमी करून देतो म्हणणारा भेटला तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. वय लपवलेल्या खेळाडूंवर दोन वर्षांची बंदी येते.

आकडे त्याच्यासमोर स्वच्छ मांडा. पुणे, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, खानदेश एवढ्या मुलखातून विजय मर्चंट करंडकासाठी, म्हणजे या गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी, १६ वर्षांखालचा एकच संघ जातो, साधारण पंधरा मुलांचा. हे टोमणा म्हणून सांगू नका. दुसरी बाजूही वडिलांना सांगा: रणजीच्या अंतिम अकरात आलेल्या नवख्या खेळाडूलाही दिवसाला ४०,००० रुपये मानधन मिळतं, म्हणजे "उपाशी मरशील" हेही खरं नाही. तिथवर पोचणारे फार थोडे, एवढंच खरं.

शाळेबाबत मात्र ठाम राहा, आणि कारण त्याच्याच फायद्याचं द्या. शालेय क्रीडा स्पर्धा शाळेच्या पटावर असलेल्या मुलांसाठीच असतात. शाळा सोडली की ते सामने गेले, आणि तिथल्या कामगिरीवर दहावीला मिळणारे सवलतीचे गुणही गेले. राज्यातल्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथेही पदाला लागणारं शिक्षण हवंच. "गुण कमी पडले तर क्रिकेट बंद" अशी अट घालू नका. अशा अटीने मुलं अभ्यास करत नाहीत, खोटं बोलायला शिकतात. तुमच्याकडे ते सुरू झालंच आहे. त्याऐवजी हजेरीची अट घाला: शाळा आणि क्लास चुकवायचा नाही, बाकीचा वेळ मैदानावर, आणि त्यासाठी लपायची गरज नाही.

अकादमीची जाहिरात पाहू नका, नेट्स, म्हणजे सरावाच्या जाळ्या, पाहा. एका नेटवर किती मुलं? पंचवीस असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला मोजके चेंडू येतात. हंगामात टर्फ विकेटवर, म्हणजे गवत-मातीच्या खेळपट्टीवर, किती सामने मिळतात? मॅटिंगवर, म्हणजे चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर, उसळणारा चेंडू टर्फवर तसाच उसळत नाही, आणि पुढचे सामने टर्फवर असतात. गेल्या दोन वर्षांत अकादमीतली कोणती मुलं जिल्ह्याच्या संघात आली, त्यांची नावं द्या म्हणावं. मध्येच सोडलं तर फी परत मिळते का, ते लेखी घ्या. यातल्या एकाही प्रश्नाला उडवाउडवीचं उत्तर आलं तर पैसे भरू नका.

सगळ्यात जास्त काळजी मला त्याच्या पाठीची वाटते. वाढीच्या वयात अति गोलंदाजी केली की कमरेच्या मणक्याला बारीक चीर जाऊ शकते, तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. शाळा, क्लब, टेनिस बॉलची टुर्नामेंट, सगळीकडे तोच टाकत असेल आणि एकूण चेंडू कुणीच मोजत नसेल, तर हा धोका खूप वाढतो. त्याला वहीत रोजचे चेंडू लिहायला लावा, नेटमधलेही, आणि आठवड्याचे किमान दोन दिवस गोलंदाजी पूर्ण बंद. मागे वाकताना कमरेत एका बाजूला दुखलं तर स्प्रे मारून खेळू देऊ नका, हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. खर्च करायचाच तर गोलंदाजीच्या स्पाइक्सवर, म्हणजे खिळ्यांच्या बुटांवर, करा. इंग्लिश विलोची महागडी बॅट त्याला आत्ता नको.

पंच, फिजिओ, ट्रेनर या वाटाही क्रिकेटमध्ये आहेत, पण आत्ता त्या सुचवू नका. या वयात त्याला त्यातून "तुला जमणार नाही" एवढंच ऐकू येईल.

पुण्याचा विषय पुढच्या हंगामानंतर काढा, तोही जिल्ह्याच्या संघात त्याचं नाव लागलं तरच. आणि तेव्हाही अडीच लाख घरच्या चालू उत्पन्नातून निघत असतील तरच.