आत्जेच्या प्लेटा तळघरात का गेल्या?

प्रश्न : जुन्या पॅरिसचे हजारो फोटो काढणाऱ्या यूजेन आत्जेचे १९१४ ते १९१८ मधले फोटो फारसे दिसत नाहीत. शहरावर युद्धाचं संकट असताना त्याने कॅमेरा बाजूला का ठेवला? हे पळ काढणं नव्हे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पळ काढणं अजिबात नव्हे. आत्जे बातमीचे फोटो काढणारा नव्हता. १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा, लाकडी कॅमेरा आणि तिकाटणं घेऊन तो भल्या पहाटे निघायचा. जुने वाडे, जिन्यांचे कठडे, दारांच्या कड्या, दुकानांच्या पाट्या टिपायचा आणि ते फोटो चित्रकारांना, कारागिरांना, ग्रंथालयांना विकायचा. युद्ध लागलं आणि गिऱ्हाईक आटलं. त्यात रस्त्यात तिकाटणं मांडणाऱ्याकडे हेर म्हणून बघायचे ते दिवस. आत्जे तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होता.

त्याने आपल्या निगेटिव्ह, म्हणजे फोटो टिपलेल्या त्या काचेच्या प्लेटा, तळघरात हलवल्या. हे वाचायला सोपं वाटतं. माझ्या वडिलांचा सांगलीत स्टुडिओ होता. त्यांची एक फुल प्लेट, म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंचांची काच, मी तराजूत टाकून पाहिली, सव्वाशे ग्रॅमच्या वर भरली. आत्जेच्या प्लेटा तिच्याहून मोठ्या, आणि त्याच्याकडे त्या हजारोंनी होत्या. शेकडो किलो काच, तीही एक धक्का लागला तर तडकणारी! १९१८च्या मार्चमध्ये जर्मनांच्या लांब पल्ल्याच्या तोफेचे गोळे पॅरिसवर पडू लागले. गुड फ्रायडेला सां-जेर्व्हे चर्चचं छत कोसळून प्रार्थनेला आलेली ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्या वेळी वरच्या मजल्यावरच्या फळ्यांवर प्लेटा असत्या तर काय झालं असतं, या विचाराने मला आजही कसंतरी होतं. वडिलांच्या दोन पेट्या मी तळमजल्यावर ठेवल्या होत्या. २०१९च्या पुरात प्लेटांवरचा चित्राचा थर सुटून आला, नुसती काच उरली. संकट कुठून येणार हे आत्जेने ओळखलं, मी नाही ओळखलं.

युद्धाने त्याच्या घरातलंही माणूस नेलं. त्याची जोडीदार व्हॅलेंटीन हिचा मुलगा लढाईत मारला गेला. १९२०मध्ये आत्जेने सरकारच्या कलाखात्याचे प्रमुख पॉल लेआँ यांना पत्र लिहिलं, त्यात आपल्यामागे ना वारस आहे, ना हे काम पुढे नेणारा कुणी, आणि हा संग्रह भलत्याच हातात पडेल, ही काळजी आहे. ते पत्र वाचताना मला तो मुलगा आठवतो. सरकारने २,६२१ निगेटिव्ह दहा हजार फ्रँकला घेतल्या. त्या पैशांवर आत्जे पुन्हा कॅमेरा घेऊन बाहेर पडला, आणि पॅरिसजवळच्या सां-क्लू, सो इथल्या बागांचे त्याचे उत्तम फोटो त्यानंतरचे आहेत.

तुमच्या घरी काचेच्या प्लेटा असतील तर त्या आडव्या रचू नका. कडेवर उभ्या, एकेक कागदात गुंडाळून ठेवा. आणि पुराचं पाणी कुठवर येतं ते शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा.