विवाहबाह्य संबंधांवरचे कमी खर्चातले सिनेमे शेवट अर्धवट का सोडतात? असा एखादा नवऱ्याबरोबर बघावा का?

बघा की. फक्त परत येताना एकाच स्कूटरवर असाल तर विचार करा.

आम्ही २०१३ साली पणजीला 'द लंचबॉक्स' पाहिला. त्याचाही शेवट अर्धवटच. येताना बाणस्तारीच्या पुलापर्यंत हे गप्प. पुलावर म्हणाले, "तीपण तेच करत होती की!" ती म्हणजे सिनेमातली इला. तिकडे नवऱ्याच्या शर्टालाच दुसऱ्या बाईचा वास येतो, आणि इकडे ती चुकून भलत्याकडे गेलेल्या डब्यातून एका विधुर फर्नांडिसला चिठ्ठ्या लिहिते. त्याला धड भेटलेलीही नाही. हे दोन्ही 'तेच'? मी स्कूटर थांबवायला लावली. मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत आणि आम्ही भांडतोय.

दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणजे मासे नाहीत. मुगागाठी (मोडाच्या मुगाची रस्साभाजी) केली, चपात्या भरल्या आणि वरच्या कप्प्यात चिठ्ठी ठेवली: 'आज डबा कसा झाला?' संध्याकाळी डबा धुवायला काढला तर चिठ्ठी होती तश्शी घडी घातलेली, हळदीचा डाग पडलेली. विचारलं, तर म्हणाले, "मला वाटलं सामानाची यादी असेल." सामानाची यादी कोणी डब्यात पाठवतं का हो? निदान फर्नांडिसने उलट टपाली मीठ जास्त झालं म्हणून तरी कळवलं होतं.

तर शेवटाचं. ज्यांना शेवट लागतो त्यांना बहुतेक वेळा बाईचा निकाल हवा असतो: घरी परतली, की अद्दल घडली. कायदाही तसलाच होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९७ प्रमाणे दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवला तर गुन्हा, आणि फिर्यादी तिचा नवरा. इलाच्या नवऱ्याची ती बाई बिनलग्नाची असती तर गुन्हाच नाही, आणि इलाला तर तक्रारच करता आली नसती. सुप्रीम कोर्टाने २७ सप्टेंबर २०१८ ला ते कलम रद्द केलं, त्या रात्री मी टीव्हीचा आवाज मुद्दाम वाढवला होता.

आणि इला बांगड्या विकायला निघते तिथे मला राहवलं नव्हतं. आमच्या गोव्यात असती तर नवरा-बायकोच्या मालमत्तेत निम्मी तिची, आणि तिच्या सहीशिवाय नवऱ्याला घर विकता आलं नसतं! हेही मी पुलावर ऐकवलं. (लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, हं. आणि ते निम्मं हातात पडेपर्यंत कोर्टाच्या पायऱ्या झिजतात, हे मला ठाऊक आहे.)

असले सिनेमे संथ असतात हे मात्र खरं. हे मध्ये दहा मिनिटं झोपले होते. सिनेमातल्या देशपांडे काकू वरच्या मजल्यावरून टोपली सोडतात ते त्यांनी पाहिलंच नाही, तरी मत आहेच.

चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. यादीत 'डबा कसा झाला?' कोण लिहितं, एवढं तरी सांगा म्हणावं.