ग्रामपंचायत सदस्याच्या मुलालाच पंचायतीची कामं मिळतायत, तक्रार कुठे करायची?

तुम्ही लिहिलंय की महाराष्ट्रातल्या तुमच्या गावात एका सदस्याच्या मुलाच्या नावाने पंचायतीची बिलं निघतायत, बीडीओंना, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांना, निवेदन दिलं पण पुढे काही हललं नाही. आमच्या गावात मी ह्या सगळ्यातून गेलोय म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

तुमचं निवेदन चुकीच्या टेबलावर गेलंय. बीडीओ चौकशी करतील, अहवाल देतील, पण सदस्याचं पद घालवायचा अधिकार त्यांना नाहीच, तो कलेक्टरांना आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम १४(१)(ग), पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, सरळ किंवा आडून हिस्सा असेल तर तो अपात्र. आणि कलम १६ खाली कोणीही कलेक्टरकडे अर्ज करू शकतं. साठ दिवसांत निर्णय द्यावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि तोपर्यंत तो सदस्य पदावरच असतो, ह्याची तयारी ठेवा.

आता खरी मेख इथे आहे. मुलगा आहे, पुतण्या आहे एवढ्यावर केस उभी राहत नाही. सुप्रीम कोर्टाने १९६६ मध्येच सांगितलंय की नुसतं नातं म्हणजे हितसंबंध नव्हे, पैशाचा संबंध दिसला पाहिजे. दुसरीकडे गोव्यातल्या एका प्रकरणात नवरा ठेकेदार आणि बायको पंचायत सदस्य होती, तिथे २०१२ मध्ये त्याच कोर्टाने तिची अपात्रता कायम ठेवली, कारण गोव्याच्या कायद्यात नवऱ्याच्या कमाईत बायकोचा अर्धा वाटा धरतात. म्हणजे शेवटी पैसा कोणाच्या घरात गेला ते दाखवावं लागतं. मुलगा वेगळा राहतो, रेशनकार्ड वेगळं, खातं वेगळं, असं समोरचा पहिल्याच तारखेला म्हणणार, तिथे तोंडी बोलून काही होत नाही.

म्हणून आधी कागद गोळा करा. ई-ग्रामस्वराज ह्या सरकारी वेबसाइटवर गावाचं नाव टाकलं की वित्त आयोगाच्या पैशातून कोणाला पेमेंट गेलं ते घरबसल्या दिसतं, तिथून कामाचं नाव घ्या आणि मग माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. "सर्व कामांची माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका, त्याला मोघमच उत्तर येतं. त्या एका कामाचा मासिक सभेतला ठराव, कोटेशनं, कार्यारंभ आदेश, एमबी (इंजिनिअर कामाची मापं लिहितो ते मोजमाप पुस्तक), व्हाउचर, एवढं नाव घेऊन मागा.

आमच्याकडे गटाराचं काम होतं, तेही सदस्याच्या मुलाच्या एजन्सीकडे. तीन व्हाउचर हातात आली, त्यांवरची बिलं नंबर ३, ४ आणि ५, आणि दोन बिलांमध्ये चार-चार महिन्यांचं अंतर. म्हणजे त्या एजन्सीला पंचायतीशिवाय दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. बिलावर पत्ता म्हणून घर नंबर छापलेला, त्या घराचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा उतारा, काढला तर घर वडिलांच्या, म्हणजे सदस्याच्याच नावावर. ठरावाला सूचक तेच. आणि तिसऱ्या बिलावर "रक्कम मिळाली" च्या खाली नाव मुलाचं पण अक्षर मला ओळखीचं वाटलं, मी ठरावाची आणि बिलाची झेरॉक्स खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून बघितल्या, सही वडिलांचीच. त्या दिवशी मला झोप लागली नाही, खरं सांगतो.

लोक म्हणतात अहो कोणीतरी काम करणारच ना, गावात जेसीबी त्यांच्याकडेच आहे. मला हे पटत नाही. त्या गटाराला उतारच दिलेला नाही, अंगणवाडीच्या दारात पाणी तुंबतं, पोरं विटांवर पाय देत आत जातात. ग्रामसभेत मी विचारलं तेव्हा उत्तर द्यायला उठले ते सदस्यच, म्हणाले काम एकदम चांगलं झालंय. ज्याने गावाच्या वतीने काम तपासायचं त्याच्याच घरात बिलाचे पैसे गेलेले, मग तो बोलणार तरी काय? एमबी इंजिनिअर लिहितो हे खरं, पण गावातून कोणी टोकणारंच नसेल तर तोही बघून न बघितल्यासारखं करतो.

कलेक्टरांनी त्यांना अपात्र ठरवलं. १५ दिवसांची मुदत असते, त्यात ते अपिलात गेले, ते अजून चालू आहे.

आणि आमची एक चूक तुम्ही करू नका. सरपंचाने पैसे खाल्ले, काम निकृष्ट झालं, ही गैरवर्तनाची तक्रार कलम ३९ खाली जाते, जिल्हा परिषदेचे सीईओ चौकशी करतात आणि निर्णय विभागीय आयुक्तांचा असतो. आम्ही रागाच्या भरात दोन्ही गोष्टी एकाच अर्जात घातल्या आणि सहा महिने तो अर्ज ह्या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरत राहिला. हितसंबंधाचा अर्ज वेगळा लिहा, दीड पानात बसवा, आणि प्रत्येक वाक्यापुढे कुठला कागद जोडलाय त्याचा पान नंबर टाका.