पॉलिअमाइनमुळे रोगजंतूंचा बायोफिल्म वाढतो की विरघळतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काही शोधनिबंधांत पॉलिअमाइनमुळे (एकाहून जास्त अमाइन गट असलेले, सजीव पेशींतले छोटे रेणू) बायोफिल्म (पृष्ठभागाला चिकटून राहणारा जंतूंचा चिकट थर) वाढल्याचे दिसते, काहींत घटल्याचे; मग एम.एस्सी.च्या प्रकल्पात काय गृहीत धरायचे?

दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात. ‘पॉलिअमाइन’ म्हणून एकत्र मोजणे हीच खरी अडचण आहे. कोणते पॉलिअमाइन, कोणता जंतू आणि किती मात्रा, हे ठरल्याशिवाय उत्तर निघत नाही.

सर्वांत नीट उलगडलेले उदाहरण कॉलऱ्याच्या जंतूचे, म्हणजे व्हिब्रिओ कॉलरीचे. त्याच्या पेरिप्लाझममध्ये, म्हणजे पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या पटलांमधल्या जागेत, एनएसपीएस नावाचे संवेदक प्रथिन असते. त्याला नॉरस्पर्मिडीन हे पॉलिअमाइन चिकटले की आतल्या पटलातले एमबीएए हे एन्झाइम सायक्लिक-डाय-जीएमपी हा पेशीच्या आत संदेश पोचवणारा रेणू बनवू लागते. हा रेणू वाढला की व्हीपीएस या, थर बांधून ठेवणाऱ्या बहुशर्करेची जनुके जोरात चालतात आणि बायोफिल्म जमतो. स्पर्मिडीन हे दुसरे पॉलिअमाइन चिकटले, तर तेच एमबीएए सायक्लिक-डाय-जीएमपी तोडायला लागते आणि जंतू फिल्म सोडून निघतात. हे दुहेरी काम ब्रिजेस आणि बॅस्लर या संशोधकांनी 2021 मध्ये प्रिन्स्टनमधून मांडले. गंमत म्हणजे दोन्ही रेणूंत फरक आहे तो एका कार्बनचा. नॉरस्पर्मिडीन हा जंतू स्वतः बनवतो, आपल्या पेशी बनवत नाहीत. स्पर्मिडीन मात्र माणसात आणि आतड्यातल्या इतर जीवाणूंत सर्रास आढळते. त्यामुळे आजूबाजूला आपलेच आहेत की परके, हे तो यावरून ओळखत असावा, असा अर्थ लावला जातो. मला तो पटतो.

प्लेगच्या जंतूची, यर्सिनिया पेस्टिसची, गोष्ट वेगळी. तिथे पुट्रेसिन हे पॉलिअमाइन पेशीच्या आतच लागते. ते बनवण्यासाठी लागणारी आर्जिनिन आणि ऑर्निथिन डिकार्बोक्सिलेज ही दोन्ही एन्झाइमे काढली की एचएमएस गटातली बायोफिल्मची प्रथिने कमी पडतात आणि फिल्म बारगळतो. बाहेरून पुट्रेसिन दिले की परत येतो. म्हणून एका जंतूवरचा निष्कर्ष दुसऱ्यावर चिकटवू नका.

आता प्रयोग. एलबी माध्यम (जंतू वाढवायचे नेहमीचे पोषक द्रव) टाळा; त्यातल्या यीस्ट अर्कात पॉलिअमाइन आधीच असतात, मग तुमच्या ‘शून्य’ नमुन्याला अर्थ उरत नाही. ग्लुकोज आणि कॅसअमिनो आम्ले (केसिन प्रथिन तोडून मिळणारी अमिनो आम्ले) घातलेले एम9 हे साधे क्षारांचे माध्यम बरे. पॉलिअमाइन हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपातच मागवा. मुक्त बेस तीव्र अल्कधर्मी असतो, माध्यमाचा पीएच चढवतो. जंतू नीट वाढत नाहीत आणि तुम्हाला वाटते बायोफिल्म रोखला. मिलिमोलर मात्रेत मिळालेल्या ‘बायोफिल्मविरोधी’ निष्कर्षांकडे मी या कारणाने जरा संशयानेच पाहतो. पॉलिअमाइनचा 10 मिलिमोलर साठा बनवा, गाळून निर्जंतुक करा, छोट्या भागांत उणे 20 अंशांवर ठेवा. 198 मायक्रोलिटर संवर्धनात 2 मायक्रोलिटर टाकले की 100 मायक्रोमोलर होते. 10 ते 100 मायक्रोमोलर या टप्प्यात तीन-चार मात्रा घ्या. केवळ एकाच मात्रेवर निष्कर्ष काढू नका.

रात्रभर वाढवलेले संवर्धन 1:100 विरल करून 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये न हलवता ठेवा. कडेचे खळगे सुकतात, त्यांत निर्जंतुक पाणी भरा. रंगवण्याआधी 600 नॅनोमीटरला वाढ मोजायलाच हवी, नाहीतर कमी वाढ आणि कमी बायोफिल्म यांत फरक करता येणार नाही. मग द्रव ओतून टाका, हलक्या हाताने धुवा, 0.1 टक्का क्रिस्टल व्हायोलेट हा रंग 15 मिनिटे, दोन-तीनदा धुणे, 30 टक्के ॲसिटिक आम्लात रंग सोडवून 550 नॅनोमीटरला वाचन. धुताना धारेचा जोर लागला तर फिल्मच निघून येतो; खळग्या-खळग्यांत मोठी तफावत येण्याचे नेहमीचे कारण हेच.

व्हिब्रिओसाठी फक्त 24 तासांचे वाचन घेऊ नका. गर्दी वाढली की हा जंतू स्वतःहून फिल्म सोडतो, तोवर खरा फरक निघून गेलेला असतो. 6 आणि 10 तासांनाही प्लेट लावा. एनएसपीएस नसलेला उत्परिवर्ती (जनुक बदललेला) जंतू मिळाला तर सोबत चालवा: नॉरस्पर्मिडीनचा परिणाम त्यातही दिसला, तर तो या संवेदकामार्फत आलेला नाही, पीएच किंवा विषारीपणा तपासा.

आणि माध्यमात गाईचे सीरम असेल तर ते काढा. त्यातले अमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम स्पर्मिन-स्पर्मिडीनचे विघटन करून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि विषारी आल्डिहाइड तयार करते. मग जंतूंवर दिसणारा परिणाम त्या विघटनाचा असतो, पॉलिअमाइनचा नव्हे.