'युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट' हा कोणता पंथ आहे? नावाचा अर्थ काय?

तुम्ही लिहिलंय की कनेक्टिकटमध्ये मुलीच्या घराजवळ एका पांढऱ्या लाकडी चर्चवर हे नाव आणि इंद्रधनुषी झेंडा दिसला. पुढच्या चौकात नुसतं 'चर्च ऑफ क्राइस्ट' अशी पाटी होती, पण तिथे म्हणे बाईला प्रवचन करू देत नाहीत. दोन्ही एकाच पंथाची का?

अजिबात नाहीत. हा घोटाळा अमेरिकेतली माणसंही सर्रास करतात. 'चर्चेस ऑफ क्राइस्ट' हा सनातनी वळणाचा गट टेनेसी-टेक्सास पट्ट्यात जास्त आढळतो. त्यांच्या उपासनेत बहुतेक ठिकाणी वाद्यं वाजत नाहीत, नुसत्या गळ्याने गातात. 'युनायटेड'वाल्यांची गोष्टच वेगळी. अमेरिकेतल्या जुन्या, प्रस्थापित प्रोटेस्टंट पंथांना तिथे 'मेनलाइन' म्हणतात, आणि त्यांत हा सर्वांत पुरोगामी पंथांपैकी एक.

पंथ तसा तरुण आहे. २५ जून १९५७ रोजी ओहायोतल्या क्लीव्हलंड शहरात दोन पंथांनी एकत्र येऊन तो स्थापला. ते दोन्हीही आधीच्या विलीनीकरणांतूनच झालेले. पहिला 'काँग्रिगेशनल ख्रिश्चन चर्चेस', १९३१ मधला: त्यात मेफ्लॉवर जहाजाने इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांचे आणि न्यू इंग्लंडच्या प्युरिटन या कडक प्रोटेस्टंटांचे वारस होते ('काँग्रिगेशनल' म्हणजे प्रत्येक मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, आपला कारभार स्वतः पाहते), आणि 'आम्ही फक्त ख्रिस्ती, दुसरं नाव नको' म्हणणारे 'ख्रिश्चन कनेक्शन'वाले. दुसरा १९३४ मधला 'इव्हँजेलिकल अँड रिफॉर्म्ड चर्च'. त्यात बहुतेक जर्मन वंशाची माणसं होती. (इथला 'इव्हँजेलिकल' म्हणजे निवडणुकीच्या काळात टीव्हीवर ज्यांच्याविषयी बोलतात तो अमेरिकेतला सनातनी गट नव्हे. जर्मनीत प्रोटेस्टंटांना सरसकट तसंच म्हणतात.)

आता या सगळ्यांची नावं एकापुढे एक लावली असती तर लग्नानंतर माहेर-सासरची दोन्ही आडनावं जोडतात तसं काहीतरी लांबलचक झालं असतं. त्याऐवजी सगळी जुनी नावं बाजूला ठेवून फक्त दोन गोष्टी राखल्या: आम्ही एक झालो आणि आम्ही ख्रिस्ताचे. पंथाचं ब्रीदवाक्य बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातल्या येशूच्या प्रार्थनेतून घेतलंय, 'त्या सर्वांनी एक व्हावे'. एकी झाली असं ते सांगत नाही, व्हावी असं मागतं. माझ्या मते नावही तसंच वाचायला हवं. कारण एकत्र येतानाच भांडणं झाली होती. काही काँग्रिगेशनल मंडळ्यांना स्वातंत्र्य जाईल अशी भीती वाटली. प्रकरण कोर्टात गेलं, आणि न पटलेल्यांनी १९५५ मध्ये आपली वेगळी संघटना काढली.

भीती फारशी खरी ठरली नाही. इमारत मंडळीच्या मालकीची, पाळक (धर्मगुरू) कोण ते मंडळीच ठरवते. वरची 'जनरल सिनड', म्हणजे पंथाची प्रतिनिधी सभा, ठराव करते, पण ते मंडळ्यांना उद्देशून असतात, त्यांच्या वतीने नव्हे. २००५ मध्ये अटलांटाच्या सिनडने समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला. तो मान्य नसलेल्या कित्येक मंडळ्या पंथ सोडून गेल्या, काही न पटूनही राहिल्या. तुम्ही पाहिलेला झेंडा बहुधा 'ओपन अँड अफर्मिंग' मंडळीचा. समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांना पूर्ण सदस्य मानू असं तिथल्या सदस्यांनी स्वतः ठरवलेलं असतं. सिनडने मंडळ्यांना तसं आवाहन १९८५ मध्ये केलं.

पुरोगामीपणा मात्र झेंड्यापेक्षा पुष्कळ जुना. अँटोनेट ब्राउन या बाईंना न्यूयॉर्क राज्यातल्या एका काँग्रिगेशनल मंडळीने १८५३ मध्ये पाळकपदाची दीक्षा दिली. १९७२ मध्ये विल्यम जॉन्सन यांना, आपण समलिंगी आहोत हे उघड सांगितलेलं असताना, कॅलिफोर्नियात दीक्षा मिळाली. बराक ओबामा बरीच वर्षं शिकागोतल्या ज्या कृष्णवर्णीय मंडळीत जात, तीही याच पंथाची. पंथाचं अलीकडचं घोषवाक्य आहे, 'देव अजून बोलतो आहे', आणि त्याच्या शेवटी पूर्णविराम नाही, मुद्दाम स्वल्पविराम. एवढं असूनही सदस्य घटताहेत: स्थापनेच्या वेळी साधारण वीस लाख होते, आज दहा लाखांच्याही खाली. उदारपणामुळे घटले असं टीकाकार म्हणतात; मला ते अर्धवट वाटतं, कारण सदर्न बॅप्टिस्टांसारखा सनातनी पंथही अलीकडे घटतोच आहे.

मी नगरचा, घर सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे प्रामुख्याने काँग्रिगेशनलांनी चालवलेल्या 'अमेरिकन बोर्ड' या मिशनरी संस्थेचे. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं, १८४२ मध्ये नगरला 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक त्याच मिशनमध्ये वावरले. बोर्ड पुढे या पंथात विलीन झालं आणि मिशनच्या मंडळ्या आज सीएनआयमध्ये आहेत. म्हणजे त्या पांढऱ्या चर्चशी आमचं लांबचं का होईना, नातं आहे.

मुलीला जायचं असेल तर खुशाल जावं. प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) सहसा सर्वांसाठी खुलं असतं, सदस्य असावं लागत नाही. फक्त एका मंडळीवरून दुसरीचा अंदाज बांधू नका. पुढच्या गावातल्या याच नावाच्या चर्चवर झेंडा नसेलही.